भागुजी शिपाई रिंग फिरवतो

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या वाट्याला एक भोळा शिपाई आला होता. त्याचं नाव भागुजी. वय चाळीस, उंची बेताची, पोट भरपूर. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. सगळा घोटाळा तिथेच होता.

एकदा ग्रामसेवक म्हणाले, "भागुजी, ही नोटीस फळ्यावर लाव. कुणी फाडणार नाही असं बघ." भागुजी तीन दिवस फळ्याला पाठ लावून उभा राहिला. नोटीस कुणी फाडली नाही. कुणी वाचलीही नाही.

असा हा भागुजी अकरा वर्षं हंगामी शिपाई होता. ह्या वर्षी त्याला कायम करायचं ठरत आलं होतं. त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, आणि मग सभेत ठराव. कायम झाला तर 'उद्यापासून येऊ नको' असं त्याला कुणी म्हणू शकणार नव्हतं. हे वाक्य त्यानं आतापर्यंत सात वेळा ऐकलं होतं. एकदा तर पंधरा ऑगस्टला, झेंडा बांधता बांधता.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. आधी पोट दिसलं, मग भागुजी.

"पट्टा दोन भोकं आत आला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "आला की दाखला घेऊन जा."

भागुजी घरी गेला. त्याच्या बायकोनं, यमुनानं, त्याच्या पाठीत गुडघा दिला आणि पट्टा ओढला. अर्ध्या तासात तो परत दवाखान्यात हजर. पट्टा दोन भोकं आत. डोळे दोन बोटं बाहेर.

डॉक्टरांनी घाईघाईनं पट्टा सोडवला. "अरे बाबा, पट्टा ओढून नाही. पोट आत गेलं पाहिजे. व्यायाम कर. आपल्या सिस्टरकडे जा."

लंके सिस्टर दवाखान्यातच नर्स होत्या. रोज पाच वाजता त्या शाळेच्या पटांगणावर बायकांना रिंग फिरवायला शिकवायच्या. लहान मुलं कमरेभोवती फिरवतात तीच रिंग, पण मोठ्या माणसांसाठी मोठी केलेली. नळयोजनेचा काळा पाइप त्यांनी गोल वाकवला होता, टोकं जोडली होती आणि वरून लाल-पिवळी चिकटपट्टी गुंडाळली होती. नळाला पाणी अजून यायचं होतं. पाइप मात्र येऊन चार वर्षं झाली होती. पडून होते, ते आता निदान फिरू लागले.

बायका खुशीत यायच्या. कुणाची गुडघेदुखी, कुणाची साखर, कुणाला नुसतंच घराबाहेर पडायचं होतं. पारूकाकू तर पासष्ट वर्षांच्या. रिंग फिरवता फिरवता त्या सुनेची तक्रार सांगायच्या आणि तक्रार संपेपर्यंत रिंग पडायची नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त फेऱ्या त्यांच्याच व्हायच्या.

अण्णा तालुक्याला गेले की शेवटच्या रांगेत गिरिजाबाईही यायच्या. गिरिजाबाई म्हणजे गावच्या सरपंच. आणि अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा अण्णांनी बायकोचा अर्ज भरला. फलकावर अण्णांचा फोटो मोठा होता, गिरिजाबाईंचा कोपऱ्यात. निवडून आल्या गिरिजाबाई, गुलालात न्हाले अण्णा. खुर्चीवर अण्णा बसायचे. शिक्का अण्णांच्या खिशात असायचा. सभेत हातही अण्णाच वर करायचे. गाव अण्णांना सरपंच म्हणायचं आणि गिरिजाबाईंना वहिनी.

तर भागुजी पटांगणावर आला. सिस्टरांनी त्याच्या कमरेला रिंग लावली आणि ढकलली. रिंग एकदा फिरली आणि पायात पडली.

"भागुजीभाऊ, पाय जागेवर ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "पायांनी फिरायचं नाही. फिरायचं ते कमरेनं."

"कमरेनं," भागुजी म्हणाला. त्यानं ते नीट लक्षात ठेवलं.

शनिवारी यमुना म्हणाली, "अहो, मारुतीला अकरा प्रदक्षिणा घाला. नोकरीचं काम आहे." भागुजी देवळात गेला. मूर्तीसमोर उभा राहिला. पाय जागेवर ठेवले. आणि कंबर फिरवायला लागला.

गुरवबाबा तेल ओतत होते. त्यांचा हात वाटीसकट थांबला.

"अरे, हे काय चाललंय देवापुढं?"

"अकरा प्रदक्षिणा. सहा झाल्या."

"असल्या?"

"पायांनी फिरायचं नाही म्हणाल्या सिस्टर."

"सिस्टरला काय कळतंय देवाधर्मातलं!" गुरवबाबा ओरडले. "हात जोडायचे. डोळे खाली. आणि चालत चालत बाहेरून फेरी मारायची. हळूहळू, वाकडं पाऊल पडू न देता. कळलं?"

भागुजीला कळलं. त्यानं तेही नीट लक्षात ठेवलं.

सोमवारी पटांगणावर त्यानं रिंग जमिनीवर ठेवली. चपला काढल्या. हात जोडले, डोळे खाली घातले आणि रिंगेभोवती हळूहळू चालू लागला. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. पारूकाकूंना वाटलं, आता काहीतरी विधी आहे. त्याही हात जोडून भागुजीच्या मागे चालू लागल्या.

"भागुजीभाऊ!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "आत उभं राहा! रिंगेच्या आत! आणि पडली की बघत बसायचं नाही. पडली की लगेच उचलायची, कमरेला धरायची, एक गिरकी द्यायची. पुन्हा सुरू!"

"पडली की उचलायची. कमरेला धरायची. गिरकी द्यायची."

"शाब्बास."

त्या आठवड्यात गावची जत्रा होती. आखाड्यात शेवटची कुस्ती लागली. दोरीच्या आत गर्दी येऊ नये म्हणून भागुजीला उभा केला होता. बराच वेळ झोंबाझोंबी झाली आणि एक पैलवान धाडकन पाठीवर पडला. पंच शिट्टी तोंडाकडे नेणार, तेवढ्यात भागुजी धावत आत गेला. त्यानं पैलवानाला उचललं, कमरेला धरलं, एक गिरकी दिली आणि म्हणाला, "पुन्हा सुरू!"

पैलवानाला गरगरायला लागलं. तो परत पडला. भागुजीनं परत उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा जिंकणारा पैलवान रडकुंडीला आला. "ह्याला किती वेळा पाडू?" तो पंचांना विचारत होता.

वस्ताद धावत आले. "आरं, पडलेल्याला हात लावायचा नसतो! पडला की पडला! आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या!"

"नुसत्या टाळ्या?"

"नुसत्या टाळ्या!"

दोनच दिवसांनी अण्णा पांढरेशुभ्र कपडे घालून पंचायतीकडे निघाले. पंचायतीसमोर गटार होतं. कागदावर ते दोनदा झाकलेलं होतं. जागेवर उघडं होतं. अण्णा मोबाइलवर बोलत होते. ते सरळ आत गेले, म्हणजे गटारात.

पायरीवर भागुजी उभा होता. त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मनापासून.

"अरे मूर्खा, हात दे!"

"पडलेल्याला हात लावायचा नसतो, अण्णा. वस्ताद म्हणाले." आणि त्यानं टाळ्या आणखी जोरात वाजवल्या. टाळ्या ऐकून शाळेतली पोरं आली. तीही वाजवू लागली.

अण्णा आपले आपण वर आले. कमरेच्या वर पांढरे, खाली काळे.

"इकडे ये," ते दात खाऊन म्हणाले. "अडलेल्याला बाहेरून हात द्यायचा असतो. आता आमच्या मंडळींचंच बघ. खुर्ची त्यांची. पण त्यांना जमणार आहे का? नाही. म्हणून हात मी लावतो. त्यांनी नुसतं नावाला मध्ये उभं राहायचं. फिरवणारा मी. चालतो का नाही कारभार?"

"चालतो की."

"मग! डोकं चालव जरा."

भागुजीनं डोकं चालवलं. संध्याकाळी पटांगणावर तो रिंगेच्या मध्ये जाऊन उभा राहिला. अगदी गप्प, हात खाली सोडून. रिंगेची एक बाजू यमुनानं धरली, दुसरी पारूकाकूंनी, आणि दोघी समोरासमोर बसून दळण दळावं तशी ती रिंग त्याच्याभोवती फिरवू लागल्या. पारूकाकूंनी तर ओवीही म्हणायला सुरुवात केली. वीस फेऱ्या झाल्या. रिंग एकदाही पडली नाही.

"सिस्टर, वीस!" भागुजी आनंदानं ओरडला.

सिस्टर जवळ आल्या. त्यांनी यमुनाकडे पाहिलं. ती धापा टाकत होती.

"पोट कुणाचं कमी व्हायचंय, भागुजीभाऊ?"

"माझं."

"घाम कुणाला आलाय?"

"ह्यांना."

"मग दाखला कुणाला द्यायचा?"

भागुजीनं विचार केला. "पारूकाकूंना," तो म्हणाला.

सगळ्या बायका खो खो हसल्या. पारूकाकू म्हणाल्या, "मला द्या की! मी शिपाई होईन. घंटा तरी वेळेवर वाजवीन."

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या रिंगेसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "नीट ऐका. आत जो उभा आहे त्यानंच फिरवायची. बाहेरून कुणी हात लावला की फेरी बाद. बाहेरून कुणी 'आता वळव, आता हलव' असं सांगितलं तरी बाद. ज्याचं त्यानं करायचं. वेडीवाकडी फिरली तरी चालेल."

"वेडीवाकडी चालेल?"

"चालेल. पण बाहेरून हात नाही."

शेवटच्या रांगेत गिरिजाबाईंची रिंग खाली पडली. त्यांनी ती उचलली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली.

त्या दिवसापासून भागुजी रिंगेजवळ कुणाला फिरकू देईना. यमुना पाणी घेऊन आली तरी म्हणायचा, "लांब ठेव. बाद होईल." आधी एक फेरी व्हायची. मग तीन. मग बरेच दिवस तीनच. शेवटी एका संध्याकाळी रिंग पडलीच नाही. चार, सहा, नऊ. पोट एकीकडे, रिंग दुसरीकडे, पण दोघांचं कसं कोण जाणे जमत होतं. भागुजीला हसू फुटलं. वयाच्या चाळिसाव्या वर्षी, काहीएक काम नसताना, तो पटांगणावर उभा राहून मोठमोठ्यानं हसत होता. बायका टाळ्या वाजवत होत्या. कुंपणाजवळची शेरडं चरायची थांबून बघत होती. त्या दिवशी त्याच्या सतरा फेऱ्या झाल्या. अठराव्याला हसण्यानं पोट हललं आणि रिंग पडली.

महिन्या-दीड महिन्यात पट्टा आपोआप दोन भोकं आत आला. डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभा केला. सवयीप्रमाणे त्याची कंबर फिरू लागली. काटा शहात्तर आणि ब्याऐंशीच्या मध्ये नाचत होता. डॉक्टरांनी मधला आकडा लिहिला आणि दाखला दिला.

आता राहिला ठराव.

सभेच्या दिवशी तालुक्याहून अधिकारी मॅडम तपासणीला आल्या होत्या, म्हणून गिरिजाबाईंना सभेत आणलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. अण्णा शेजारी स्टूल घेऊन बसले होते, खुर्चीच्या अगदी जवळ. पंचायतीत आठ सदस्य. चार अण्णांच्या बाजूचे, चार विरुद्ध बाजूचे. ह्यांना जे हवं ते त्यांना नको असायचं. आठांचं कधीच जमायचं नाही, म्हणून दर वेळी निकाल सरपंचाच्या मतावर लागायचा. भागुजी दाराशी उभा होता. बाहेरच्या पायरीवर यमुना बसली होती, मुठी आवळून.

ग्रामसेवकांनी वाचलं, "ठराव क्रमांक नऊ. भागुजी शिपाई ह्यांना कायम करण्यात यावं. बाजूचे हात वर करा."

चार हात वर झाले. मग अण्णांनी आपला हात वर केला, दर वेळी करायचे तसा.

"चार आणि अण्णा, पाच," ग्रामसेवक लिहू लागले. "ठराव मंजू—"

भागुजी दारातून आला. त्यानं अण्णांचा वर केलेला हात धरला आणि खाली आणला.

"काय करतोस रे?" अण्णा कुजबुजले.

"हात लावू नका, अण्णा. बाद होईल."

"अरे गाढवा, तुझ्याच नोकरीचा ठराव आहे!"

"म्हणूनच सांगतो. माझा तरी बाद करू नका." मग तो अधिकारी मॅडमकडे वळला. "अण्णा बाहेरचे आहेत, मॅडम. आत उभ्या आहेत त्या ह्या. बाहेरून फिरवलेलं मोजत नाहीत."

मॅडमनी चष्मा काढला. ग्रामसेवकांना विचारलं, "हे अण्णा सदस्य आहेत?"

"तसे नाहीत," ग्रामसेवक म्हणाले. "पण तसे आहेत."

"मग साडेतीन वर्षं हात कुणाचा मोजताय?"

ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण लावलं. परत काढलं. परत लावलं.

पायरीवरून यमुनाचा आवाज आला, "अहो, गप बसा! करू द्या त्यांना हात वर!" भागुजीनं तिकडे पाहिलंही नाही.

"बाजूनं चार, विरुद्ध चार," मॅडम म्हणाल्या. "आता सरपंचांचं मत. सरपंच?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. सवयच होती. मग हळूहळू माना वळल्या आणि गिरिजाबाईंकडे गेल्या. गिरिजाबाईंनी मांडीवरचा हात थोडा उचलला.

"अगं, कर वर! पटकन कर!" अण्णा म्हणाले.

"गेलं!" भागुजीनं डोक्याला हात लावला. "बाहेरून सांगितलंत! आता त्यांनी वर केला तरी बाद!"

"अरे, ती तुझ्या बाजूनं करतेय रे!"

"कुणाच्याही बाजूनं असो. बाद म्हणजे बाद."

गिरिजाबाईंनी हात परत मांडीवर ठेवला. अण्णांकडे पाहिलं, भागुजीकडे पाहिलं. साडेतीन वर्षांत त्या खुर्चीतून कुणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आवाज जरा चिरकाच निघाला.

"भागुजी, ह्यांना बाहेर घेऊन जा. आणि दार लाव."

"अगं, काय बोलतेस काय?" अण्णा उठून उभे राहिले.

"सरपंचांनी सांगितलंय," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा लावला.

भागुजी शिपाई होता. सरपंचांनी सांगितलेलं काम करणं हेच त्याचं काम होतं, फक्त आजवर सरपंचांनी त्याला काही सांगितलंच नव्हतं. त्यानं अण्णांचा दंड धरला, त्यांना बाहेर नेलं आणि दार लावलं. चांगलं घट्ट लावलं. बाहेरून कडी घातली, आणि पाय पसरून दारासमोर बसला.

यमुना डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टाळ्या.

ग्रामसेवकांचं तोंड खिडकीच्या गजांशी आलं. "भागुजी! झालास रे! पाच विरुद्ध चार! कायम झालास!"

यमुनानं हंबरडाच फोडला. भागुजीनं आकाशाकडे हात जोडले.

"आता दार उघड," ग्रामसेवक म्हणाले.

भागुजी हलला नाही.

"अरे, कडी काढ! मॅडमना जायचंय!"

"बाहेरून हात लावायचा नाही," भागुजी म्हणाला.

"अरे, कडी बाहेरूनच आहे!"

"तरी नाही. आत जे आहेत त्यांनीच करायचं. मी हात लावला तर ठराव बाद होईल. अकरा वर्षांनी झालोय मी."

"मी काढतो, सरक," अण्णा पुढे आले. भागुजीनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

आतून मॅडम ओरडल्या. आठ सदस्य ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच एका सुरात. शेवटी गिरिजाबाई स्वतः खिडकीशी आल्या.

"भागुजी, मी सरपंच सांगते. दार उघड."

भागुजी उठून उभा राहिला. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि अगदी प्रेमानं, धीर देत म्हणाला, "सरपंच, घाबरू नका. तुम्हीच उघडा. वेडंवाकडं उघडलं तरी चालेल."